कार्ड आहे, ट्रेनिंग झालं, मग काम का नाही? दिव्यांगांना कामावर उभं करणारा 'जॉब कोच' कसा घडतो, वाचा सविस्तर

यूडीआयडी कार्ड मिळालं. शिवणकामाचं, नाहीतर मोबाईल दुरुस्तीचं ट्रेनिंगही झालं. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. पण काम? काम काही मिळालं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही मोठ्या गावात चौकशी करा, असं एखादं तरी घर सापडेल.

घरचे म्हणतात, मालक घेत नाही. मालक म्हणतो, घ्यायला ना नाही, पण याला काम कसं सांगायचं आणि चुकलं तर काय करायचं, ते आमच्या माणसांना जमत नाही. दोघंही खरं बोलतात. दोघांच्या मधला एक माणूस नाही, अडचण तिथं आहे. त्या माणसाला जगभर 'जॉब कोच' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नवा आहे. तो काय करतो, त्याचं प्रशिक्षण कसं असतं आणि आपल्या जंगलपट्टीत त्याचा काय उपयोग, ते समजून घेऊ.

जॉब कोच म्हणजे कोण?

आधी एक घोटाळा दूर करू. ग्रामपंचायतीतला ग्राम रोजगार सेवक वेगळा. तो रोजगार हमीची हजेरी आणि कागदपत्रं पाहतो. जॉब कोच एका वेळी एकाच माणसाचा विचार करतो. या माणसाला काय जमतं, गावात किंवा तालुक्यात तसं काम कुठं आहे, ते काम त्याला कसं शिकवायचं, हे तो पाहतो. सुरुवातीचे दिवस तो कामाच्या जागी सोबत राहतो. मग हळूहळू बाजूला होतो. शेवटी कामगार आणि मालक दोघांनाही त्याची गरज उरत नाही, तेव्हा त्याचं काम झालं.

नोकरी लावून देणारा एजंट नोकरी लागली की निघून जातो. जॉब कोचचं खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

आधी ट्रेनिंग की आधी काम?

जुनी पद्धत अशी : दिव्यांग माणसाला आधी वेगळ्या केंद्रात शिकवायचं, तो तयार झाला की काम शोधायचं. गोम अशी की 'तयार झाला' असं कोणी कधी म्हणतच नाही. वर्षानुवर्षं माणूस मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करत राहतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या अभ्यासकाने वेगळं करून दाखवलं. ज्यांना काहीच शिकता येणार नाही असं समजलं जायचं, अशा बौद्धिक दिव्यांग लोकांना त्याने सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग क्रमाने जोडायला शिकवले. त्याचं म्हणणं साधं होतं : शिकणारा शिकत नसेल तर शिकवायची पद्धत बदला, माणसाला दोष देऊ नका. त्यातून पुढे उलटी रीत आली. आधी खऱ्या कामावर लावा आणि तिथंच शिकवा. १९८६ मध्ये अमेरिकेच्या कायद्यातही ती आली. मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांसाठीही १९९० च्या दशकात हीच रीत वापरली गेली. दोन्ही पद्धतींची तुलना अनेक देशांत झाली, आणि थेट कामावर लावून सोबत राहण्याची रीत सरस ठरली.

कारण समजायला अवघड नाही. केंद्रातलं शिवणयंत्र वेगळं, दुकानातलं वेगळं. केंद्रात घाई नसते, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, पण सोबत कोणीतरी हवं.

आनंदवनानं काय दाखवलं

दिव्यांग माणूस काम करू शकतो का, हा प्रश्न खरं तर आपल्या जिल्ह्यात कधीच निकाली निघाला आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं. बोटं झडलेल्या हातांनी कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमिनीत विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालवले, इमारती उभ्या केल्या. पुढे अंध, मूकबधिर आणि इतर दिव्यांगांसाठी तिथं शाळा आणि 'संधिनिकेतन' ही कार्यशाळा उभी राहिली. भीक देण्यापेक्षा काम द्या, माणूस आपोआप उभा राहतो, हा बाबांचा विचार तिथं प्रत्यक्षात आला.

पण एक गोष्ट विसरू नये. आनंदवन उभं राहिलं, कारण गावांनी या लोकांना बाहेर काढलं होतं. त्यांच्यासाठी वेगळं गाव वसवावं लागलं. आज सिरोंच्याच्या किंवा जिवतीच्या पोराला काम हवं असेल, तर त्यानं घर सोडून लांब जावं, हे उत्तर पुरणार नाही. त्याला त्याच्याच गावात, इतर चार लोकांत काम मिळायला हवं. आनंदवनानं क्षमता सिद्ध केली. आता ती क्षमता गावातल्या कामाला जोडणारी माणसं तयार करायची आहेत.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

जॉब कोचचं प्रशिक्षण म्हणजे दयाळूपणाचे धडे नाहीत. ती कौशल्यं आहेत आणि सरावानं येतात. मुख्य पाच अशी :

१) माणूस ओळखणं. टेबलासमोर बसवून मुलाखत घेतली तर बौद्धिक दिव्यांग किंवा बुजरा मुलगा गप्प बसतो. म्हणून कोच त्याच्या घरी जातो, दिवसभर त्याला पाहतो. तो बकऱ्या कशा सांभाळतो? कोणत्या कामात रमतो? गर्दीत घाबरतो का? सकाळी हुशार असतो की दुपारी? 'काय जमत नाही' याची यादी घरचे एका दमात सांगतात. कोचला 'काय जमतं' याची यादी करायची असते.

२) काम शोधणं. मालकाकडे जाऊन 'बिचाऱ्याला घ्या हो' म्हणायचं नाही. तिथलं काम पाहायचं. राईस मिलमध्ये पोती शिवायला माणूस कमी पडतो का? ताडोब्याच्या वेशीवरच्या होमस्टेमध्ये कुशल स्वयंपाकीण भाजी निवडण्यात दोन तास घालवते का? ते काम वेगळं काढून दिलं तर मालकाचाही फायदा. मालकाला दया दाखवायची नसते, काम व्हायला हवं असतं.

३) कामाचे तुकडे पाडणं. आपल्याला जे 'एक काम' वाटतं, त्यात दहा-बारा पायऱ्या असतात. कोच आधी स्वतः ते काम करतो, प्रत्येक पायरी लिहितो आणि नेमकं कुठं अडतं ते शोधतो.

४) मदत मोजून देणं. आधी स्वतः करू द्यायचं. अडला तर नुसता इशारा. तरी नाही जमलं तर शब्दांत सांगायचं. मग करून दाखवायचं. अगदी शेवटी हात धरून करवून घ्यायचं. आपण घरी बरोबर उलटं करतो. पोरगा अडला की त्याच्या हातून काम काढून घेतो आणि स्वतः करून टाकतो. मग तो शिकणार कसा?

५) बाजूला होणं. हे सगळ्यात कठीण. कोच कायम जवळ बसला तर बाकीचे कामगार त्या माणसाशी बोलतच नाहीत, सगळं कोचला सांगतात. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच शेजारचा एखादा कामगार पाहून ठेवायचा, जो पुढे सहज मदत करेल. कोच आधी रोज येतो, मग आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त फोन.

तेंदूपत्त्याचं उदाहरण घ्या

मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी तेंदूपत्ता असतो. पहाटे पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, फळीवर न्यायचे. एका पुड्यात ७० पानं.

समजा, घरातल्या मुलीला दहाच्या पुढे मोजता येत नाही. घरचे म्हणतात, तिला हे जमायचं नाही, बसू द्या. कोच पायऱ्या पाडेल : चांगलं पान निवडणं, एकावर एक लावणं, मोजणं, दोरानं बांधणं. अडतं फक्त मोजण्यात. मग उपाय मोजण्यापुरताच करायचा. सात खणांची एक पाटी करा, प्रत्येक खणात दहा पानं. सातही खण भरले की पुडा झाला. दहापर्यंतही मोजता येत नसेल तर दहा चिंचोके द्या. एक पान ठेवलं की एक चिंचोका पलीकडे सरकवायचा. चिंचोके संपले की खण भरला. मुलगी बदलली नाही, तिची हुशारी अचानक वाढली नाही. कामाची मांडणी बदलली.

बांबूच्या कामातही असंच. पायानं अधू माणसाला जमिनीवर बसून बांबू चिरणं अवघड जातं, पण उंच बैठक आणि बांबू घट्ट धरणारा शिकंजा दिला तर हात मोकळे राहतात. चंद्रपूर तालुक्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कलाकुसर शिकवणाऱ्या अशा जागी जॉब कोचची नजर पोचली, तर तिथलं शिक्षण दिव्यांगांनाही खुलं होईल.

अंध माणसासाठी आज सगळ्यात मोठं हत्यार तुमच्या हातात आहे. अँड्रॉइड मोबाईलमधलं 'टॉकबॅक' सुरू केलं की स्क्रीनवरचं मराठीत वाचून दाखवलं जातं. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. हे वापरायला आणि कामाला कसं जोडायचं ते शिकवणारा माणूस तालुक्यात हवा.

आणि भाषा? भामरागड, एटापल्लीकडे घरात माडिया, शाळेत मराठी आणि कर्णबधिर मूल निवासी शाळेत गेलं तर तिथं सांकेतिक भाषा. सुटीत घरी आलं की आईशीच बोलता येत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा शब्दकोश केला आहे. पण घरातल्या खुणा, माडिया आणि कामाच्या जागची मराठी यांची सांगड घालायला स्थानिक कोचच लागेल. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ते जमणं कठीण.

न दिसणारं अपंगत्व : सिकलसेल

आपल्या भागात हा मुद्दा फार महत्त्वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आजार आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक आहेत, मानसिक आजारही आहे.

सिकलसेलचा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो. पण शरीरातलं पाणी कमी झालं, अति श्रम झाले किंवा थंडी-ओल सोसावी लागली, की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. धानाच्या रोवण्यात भर पावसात दिवसभर बांदीत वाकून उभं राहणं त्याच्यासाठी धोक्याचं. दोन दिवस आला नाही की गाव म्हणतं, कामचोर आहे.

प्रशिक्षित कोच इथं तीन गोष्टी सुचवेल : सावलीतलं किंवा कोरडं काम, हाताशी प्यायला पाणी आणि दुखणं सुरू होण्याआधी थांबायची मुभा. वेदना सुरू झाल्या तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आजाराचं नाव चारचौघात सांगायचं की नाही, हे मात्र त्या माणसानं ठरवायचं. मालकाला कोणती सोय हवी एवढं सांगितलं तरी पुरतं. सिकलसेलचा वाहक आणि रुग्ण यांतला फरकही कोचला माहीत हवा, नाहीतर ठणठणीत वाहकालाही उगाच कामावरून दूर ठेवलं जातं.

कायदा काय देतो?

कोचला वकील व्हायचं नाही, पण या गोष्टी पाठ हव्यात :

- सरकारी नोकऱ्यांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के.
- सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आलं तर नोकरीवरून काढता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. सरकारी मालकीच्या कोळसा खाणी आणि वीज केंद्रालाही हे लागू आहे.
- प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. २० किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कंपनीनं त्यात दिव्यांगांना जमतील अशी पदं आणि सोयी लिहायच्या आहेत. आपल्याकडच्या सिमेंट, कागद आणि लोखंडाच्या कारखान्यांना हे धोरण मागता येतं.
- मनरेगाच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग मजुरांसाठी कामं सुचवलेली होती : मजुरांना पाणी देणं, लहान मुलं सांभाळणं, रोपांना पाणी घालणं, नव्या बांधकामावर पाणी मारणं. मजुरी इतरांएवढीच. 'अर्धं काम, अर्धी मजुरी' हा गावठी हिशेब चालत नाही.
- ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणावर खर्च करायचे आहेत.

एक भीती घराघरात असते : काम धरलं तर निराधार योजनेचे पैसे बंद होतील का? ही भीती खोटी म्हणून झटकू नका. या योजनांना उत्पन्नाची अट असते. कोचनं काम लावायच्या आधी कुटुंबासोबत तहसील कार्यालयात बसून नेमका हिशेब करावा. आधीच स्पष्ट झालं की मधेच काम सोडायची वेळ येत नाही.

शिकायचं कुठं?

दिव्यांगांसोबत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला दर्जा असावा म्हणून १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद कायदा झाला. त्यात कोणते व्यावसायिक येतात याची यादी आहे. विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ यांच्यासोबत 'व्यवसाय समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि प्लेसमेंट अधिकारी' हेही त्यात आहेत. म्हणजे हे काम कायद्यानं मान्य केलेला पेशा आहे, नुसती समाजसेवा नाही.

गावपातळीसाठी जवळचा कोर्स म्हणजे परिषदेनं मेलबर्न विद्यापीठासोबत तयार केलेला समुदाय आधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. मे २०२१ मध्ये तो जाहीर झाला. तो करणाऱ्याला 'दिव्यांग मित्र' म्हणायचं ठरलं. आशा आणि अंगणवाडी ताईंच्या बरोबरीनं गावात काम करणारी माणसं घडवणं हा त्याचा हेतू, आणि ज्या भाषांत तो शिकवायचं ठरलं त्यात मराठीही आहे. हा पूर्ण जॉब कोचचा कोर्स नव्हे, पण माणूस ओळखणं आणि कुटुंबासोबत काम करणं याचा पाया त्यात मिळतो.

चौकशीसाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि नागपुरातलं केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संमिश्र प्रादेशिक केंद्र ही दोन ठिकाणं जवळची. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. फी भरण्याआधी एक गोष्ट नक्की करा : संस्था आणि कोर्स परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. यादीत नाव नसेल तर पैसे देऊ नका.

या कामाला कोण योग्य? फार शिकलेलंच हवं असं नाही. गोंडी-माडिया-मराठी बोलणारी, धीर असलेली, मालकाशी न घाबरता बोलणारी तरुण मुलं-मुली हवीत. आणि स्वतः दिव्यांग असलेली व्यक्ती तर उत्तम कोच होऊ शकते. अडचण कुठं येते ते तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

इथं आपला भाग इतरांच्या पुढे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. म्हणजे अशा गावात मालक कोणी बाहेरचा शेठ नाही, ग्रामसभाच मालक आहे. फळीवर पुडे मोजणारा कोण, हिशेब लिहिणारा दिवाणजी कोण, रोपवाटिकेला पाणी कोण देणार, हे गावच ठरवतं. तिथं दिव्यांग माणसाला काम द्यायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या ग्रामसभेत तीन विषय मांडता येतील. एक : गावात कामाच्या वयाचे दिव्यांग किती, आणि प्रत्येकाला काय जमतं, याची यादी. दोन : ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या कामांतली कोणती कामं त्यांना देता येतील. तीन : गावातल्या किंवा शेजारच्या चार-पाच गावांतल्या एका मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षणाला पाठवायचं का, आणि त्या खर्चासाठी ५ टक्के निधी वापरता येईल का, हे पंचायत समितीला लेखी विचारणं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. इतक्या लोकांना पुरेल एवढं मोठं आनंदवन कोणी बांधू शकणार नाही, आणि बांधायची गरजही नाही. प्रत्येक तालुक्यात अशी दहा शिकलेली माणसं असली, तरी भिंतीवरच्या त्या सर्टिफिकेटांना काही अर्थ येईल. ज्या दिवशी घरातल्या त्या पोराच्या नावावर पहिली मजुरी जमा होईल, त्या दिवशी घरात त्याला विचारून निर्णय व्हायला लागतील.